प्रोसेसरवरचा पंखा : एका छोट्या माहितीपत्रकात दडलेला इतिहास

ऑक्टोबर २००४. अमेरिकेतील ऑरलँडो येथे माहिती-तंत्रज्ञान व्यवसायातील हजारो लोकांची परिषद भरली होती. व्यासपीठावर इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट होते. ४ गिगाहर्ट्झ गतीचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत त्यांच्या कंपनीने नुकताच रद्द केला होता. तो विषय निघाला तेव्हा बॅरेट यांनी सर्वांसमक्ष गुडघे टेकले आणि थट्टेच्या सुरात क्षमा मागितली.

थट्टा होती खरी. परंतु जगातील सर्वांत मोठ्या चिप कंपनीला गुडघ्यावर आणले होते ते कोण्या प्रतिस्पर्धी कंपनीने नव्हे, तर उष्णतेने. आजचा धागा या उष्णतेविषयी आहे, आणि तिला आवर घालण्यासाठी प्रोसेसरच्या डोक्यावर बसवल्या जाणाऱ्या एका वस्तूविषयी. ही वस्तू म्हणजे दोन ते चार हजार रुपयांत मिळणारा एअर कूलर. तो निवडावा कसा आणि बसवावा कसा हेही ओघाने येईलच. त्याच्या खोक्यातून निघणारे घडीचे माहितीपत्रक मला एखाद्या जुन्या दस्तऐवजासारखे वाटते. त्यातील प्रत्येक सूचना कोणत्या ना कोणत्या काळात, कोणत्या ना कोणत्या अडचणीतून जन्माला आलेली आहे.

आधी शब्दाची गल्लत दूर करू. आपल्याकडे, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, ‘कूलर’ म्हटले की पत्र्याची पेटी, वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याची मोटर डोळ्यांसमोर येते. त्या कूलरमध्ये पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते आणि खोलीतली हवा खरोखरच थंड होते. प्रोसेसरचा कूलर मात्र हवा थंड करीत नाही. तो चिपची उष्णता घेतो आणि भोवतालच्या हवेत सोडतो, एवढेच. म्हणून कितीही महाग एअर कूलर आणला तरी प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. हा मुद्दा लक्षात असू द्या, खरेदीच्या वेळी तो पुन्हा लागेल. आणि गंमत अशी की वाफ होताना उष्णता शोषली जाण्याची वाळ्याच्या ताटीतली तीच युक्ती आजच्या प्रोसेसर कूलरच्या पोटातही दडलेली आहे. तिथे आपण थोड्या वेळाने पोहोचू.

संगणक आणि उष्णता यांचे वैर जन्मजात आहे. १९४६ साली फिलाडेल्फियात जगासमोर आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज खात असे. ती सारी वीज अखेरीस उष्णताच होई, म्हणून यंत्रातून सक्तीने हवा खेळवावी लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकमध्येही अशा अडीच हजारांहून अधिक नलिका होत्या. पुढे मोठ्या यंत्रांनी हवेची साथ सोडली. आयबीएमने साठच्या दशकातच काही महासंगणकांत पाणी खेळवले, आणि १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्किटे वीज न वाहणाऱ्या द्रवात चक्क बुडवलेली होती. पण ही सारी श्रीमंतांघरची कथा. आपला विषय सामान्य माणसाच्या टेबलावरचा संगणक आहे, आणि त्याचा इतिहास अगदी वेगळ्या रीतीने सुरू होतो.

तो सुरू होतो कूलरच्या अभावाने. इंटेलच्या १९७१ च्या ४००४ या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९८१ च्या आयबीएम पीसीतील ८०८८ चिप ४.७७ मेगाहर्ट्झने चाले. यांपैकी कोणाच्याही डोक्यावर पंखा नव्हता, साधा धातूचा ठोकळाही नव्हता. पीसीमध्ये आवाज यायचा तो वीजपुरवठ्याच्या पंख्याचा. चिप उघडी बसे आणि तिची उष्णता आपोआप विरून जाई.

असे किती काळ चालणार, या प्रश्नाला सत्तरच्या दशकात एक फार आश्वासक उत्तर मिळाले होते. १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ट्रान्झिस्टरचा आकार आणि त्याला दिलेला व्होल्टेज एकाच प्रमाणात घटवत नेले, तर तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही आणि ते अधिक वेगाने चालवूनही, दर चौरस मिलिमीटरला निर्माण होणारी उष्णता तेवढीच राहते. मूरचा नियम सर्वांना ठाऊक असतो, डेनार्डचे नाव फारसे कोणी घेत नाही. माझ्या मते हा अन्याय आहे. चिपवर ट्रान्झिस्टर वाढत जातील एवढेच मूर सांगतात. ते वाढले तरी चिप जळणार नाही, ही हमी डेनार्ड यांची होती. गतीची पुढची तीस वर्षे या हमीवर उभी आहेत.

हमी होती, पण तिचे काटेकोर पालन झाले नाही. आकार घटत गेला तरी व्होल्टेज बराच काळ ५ व्होल्टवरच राहिला. परिणामी १९९२ च्या ४८६डीएक्स२-६६ च्या सुमारास प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि छोटा पंखा दिसू लागला. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवरच चाले आणि १६ वॅटपर्यंत उष्णता टाकी. आज १६ वॅट ऐकून हसू येते. तेव्हा मात्र एका नखाएवढ्या सिलिकॉनमधून एवढी उष्णता बाहेर काढणे ही नवीच चिंता होती. पुढच्याच वर्षी व्होल्टेज ३.३ वर आणला गेला तेव्हा थोडा श्वास घेता आला.

हीटसिंकचे तत्त्व साधे आहे. बुलेट मोटारसायकलच्या इंजिनावरील आडव्या पात्यांची रांग आठवा. गरम धातूचा हवेशी स्पर्श जितका अधिक, तितकी उष्णता लवकर बाहेर पडते. पंखा त्या पात्यांमधली तापलेली हवा हलवून नवी हवा आणतो. खरी अडचण असते ती चिप आणि धातू यांच्या जोडावर. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर ते खडबडीत असतात आणि मधल्या फटींत हवा अडकते. स्थिर हवा उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे, तांब्याच्या तुलनेत तर हजारो पटींनी वाईट. म्हणून त्या फटी भरायला थर्मल पेस्ट हवी. पेस्टही धातूच्या मानाने पुष्कळच वाईट वाहक आहे, पण हवेपेक्षा ती कितीतरी बरी. म्हणजेच पेस्ट ही हवेची जागा घेण्यासाठी असते, धातूची नव्हे. जाड थर दिला तर दोन धातूंमध्ये आपणच एक भिंत बांधतो. या एका वाक्यातून पेस्ट किती लावावी याचे उत्तर निघते, आणि त्यावरचे बहुतेक वाद मिटायला हवेत.

आता नव्वदच्या दशकाचा शेवट. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल यांनी अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने १ गिगाहर्ट्झची रेषा ओलांडली. हा सगळा काळ घोडदौडीचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जुळवून घेणाऱ्यांची पिढी याच काळातली. त्या पिढीतल्या कोणाला एएमडीच्या ॲथलॉनविषयी विचारा, स्क्रू ड्रायव्हरचा उल्लेख आल्याशिवाय राहणार नाही. त्या काळच्या ॲथलॉनच्या चिपवर धातूचे झाकण नसे, सिलिकॉनचा नाजूक तुकडा उघडाच असे. त्यावर जड हीटसिंक ठेवून पोलादी क्लिप स्क्रू ड्रायव्हरने दाबत सॉकेटच्या खोबणीत अडकवायची. हीटसिंक तिरका टेकला तर चिपचा कोपरा तुटे. स्क्रू ड्रायव्हर निसटला तर मदरबोर्डवर ओरखडा उठून तोच निकामी होई. अनेकांची महिन्या-दोन महिन्यांची कमाई अशा एका क्षणात गेली आहे.

सप्टेंबर २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. संगणक चालू असताना प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून घेतला तर काय होते, हे तीत दाखवले होते. पेंटियम ४ ने स्वतःची गती कमी केली आणि तो रखडत का होईना चालत राहिला. पेंटियम ३ थिजला, पण वाचला. ॲथलॉनमधून मात्र काही सेकंदांतच धूर निघाला. त्या काळच्या मानाने ही चित्रफीत विलक्षण गाजली. एएमडीचे समर्थक म्हणत की चालत्या संगणकाचा हीटसिंक कोण काढतो? त्यांचे म्हणणे बरोबरच होते. पण क्लिप तुटणे, पंखा बंद पडणे हे तर घरोघरी घडत होते. आज प्रत्येक प्रोसेसर तापला की आपणहून मंदावतो. २००३ च्या ॲथलॉन ६४ पासून एएमडीच्या डेस्कटॉप चिपवर धातूचे झाकण आले. म्हणून आजच्या नवशिक्याच्या हातून कूलर बसवताना प्रोसेसर जळण्याची भीती जवळपास उरलेली नाही. चूक झाली तर संगणक मंद होतो, आणि तो का मंद झाला हे कित्येकांना महिनोन्‌महिने कळत नाही, एवढाच काय तो फरक.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २००१ मध्ये, इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी अभियंत्यांच्या एका परिषदेत इशारा दिला होता. आजची वाढ अशीच चालू राहिली तर चिपच्या दर चौरस सेंटिमीटरमागची उष्णता २००५ पर्यंत अणुभट्टीशी, २०१० पर्यंत अग्निबाणाच्या नळकांड्याशी आणि २०१५ पर्यंत सूर्याच्या पृष्ठभागाशी बरोबरी करील. इशारा देणारी कंपनी आणि तो न ऐकणारी कंपनी एकच, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नवे वाटणार नाही.

फेब्रुवारी २००४ मध्ये प्रेस्कॉट या सांकेतिक नावाचा नवा पेंटियम ४ आला. ट्रान्झिस्टर १३० नॅनोमीटरवरून ९० वर उतरले होते. डेनार्ड यांच्या हिशेबाने चिप थंड व्हायला हवी होती. घडले उलटेच. ३.४ गिगाहर्ट्झ या एकाच गतीला आधीच्या पिढीचा अंदाजित उष्णता-आकडा ८९ वॅट होता, तर प्रेस्कॉटचा १०३. ट्रान्झिस्टरचे थर आता इतके पातळ झाले होते की ते बंद असतानाही त्यांच्यातून वीज झिरपत होती, आणि व्होल्टेज १ व्होल्टच्या आसपास येऊन अडला होता. तो आणखी घटवला तर ट्रान्झिस्टर नीट चालू-बंदच होईना. डेनार्ड यांची हमी इथे संपली. मे महिन्यात इंटेलने प्रेस्कॉटच्या पुढची तेजस ही चिप रद्द केली. पाठोपाठ ४ गिगाहर्ट्झचा बेत बारगळला आणि बॅरेट यांनी गुडघे टेकले.

एक हिशेब मांडून पाहा. १९९३ च्या ६६ मेगाहर्ट्झवरून २००२ च्या अखेरीस ३.०६ गिगाहर्ट्झ, म्हणजे नऊ वर्षांत सुमारे ४६ पट. त्यानंतरच्या दोन वर्षांत पेंटियम ४ गेला जेमतेम ३.८ पर्यंत. आपण ज्याला ‘तंत्रज्ञानाची स्वाभाविक प्रगती’ म्हणतो ती तीस वर्षांची एक विशिष्ट परिस्थिती होती, आणि तिला आरंभ होता तसा शेवटही होता. इंटेलने मग वाट बदलली. लॅपटॉपसाठी इस्रायलमधील हैफा येथील चमूने घडवलेल्या काटकसरी रचनेतून २००६ साली कोअर २ ड्युओ निघाला. त्यात दोन गाभे होते, गती कमी होती आणि उष्णता ६५ वॅट. आजचा प्रत्येक अनेक-गाभ्यांचा प्रोसेसर या माघारीचा वंशज आहे.

या धामधुमीत एक फसलेली सुधारणाही होऊन गेली. चिप थंड होत नाही तर पेटीच बदलू, या विचाराने इंटेलने २००३ साली बीटीएक्स हा नवा ढाचा पुढे केला. समोरून आलेली थंड हवा थेट प्रोसेसरवर आदळावी अशी त्याची मांडणी होती. मांडणी उत्तम होती, पण १९९५ पासूनच्या एटीएक्स ढाच्यात साऱ्या जगाचे कॅबिनेट आणि मदरबोर्ड अडकलेले होते. २००६ मध्ये बीटीएक्स गुंडाळला गेला. पेटी बदलली नाही, म्हणून पेटीतला कूलर बदलावा लागला.

आणि इथे वाळ्याच्या ताटीकडे परत यावे लागते.

वाफेने उष्णता वाहून नेण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या पर्किन्स घराण्याने पाणी भरून बंद केलेल्या लोखंडी नळ्यांनी भट्टीची उष्णता दूर नेण्याचे प्रयोग केले. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी १९४२ साली अशा नळीसाठी अर्ज केला आणि १९४४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले, पण तेव्हा कोणाला तिची निकड नव्हती. १९६३ साली अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे नव्याने शोधली आणि तिला हीटपाइप हे नाव दिले. हेतू होता अंतराळयानांतील उष्णता हलवण्याचा, आणि १९६७ साली पृथ्वीच्या कक्षेत तिची चाचणीही झाली. सत्तरच्या दशकात अलास्कातील तेलवाहिनीच्या खांबांत अशा एक लाखाहून अधिक नळ्या बसवल्या गेल्या. तिथे काम नेमके उलटे होते: खांबाखालची जमीन गोठलेलीच राहावी म्हणून तिच्यातील उष्णता वर आणून हवेत सोडायची. नव्वदच्या दशकात ही नळी लॅपटॉपमध्ये आली आणि तिथून डेस्कटॉपच्या कूलरमध्ये.

ती चालते कशी? तांब्याची बंद नळी, आतली हवा काढून टाकलेली, थोडेसे पाणी, आणि आतल्या भिंतीला वातीसारखा सच्छिद्र थर. दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानालाच उकळते. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, ती उष्णता घेऊन दुसऱ्या टोकाला धावते, तिथे पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि वातीतून झिरपत परत येते. समईची वात तेल ओढते तसे. मोटर नाही, झीज नाही. घन तांब्याच्या कांबीपेक्षा अशी नळी अनेक पटींनी अधिक उष्णता वाहून नेते.

या नळीमुळे कूलरची रचनाच पालटली. आता पाती चिपच्या अंगावर रचण्याची गरज उरली नाही. उष्णता उंच नेऊन तिथे मनोरा उभारता येऊ लागला. पंखा मनोऱ्याच्या बाजूला लागला आणि हवा मदरबोर्डवर आदळण्याऐवजी समोरून मागे सरळ वाहू लागली. बीटीएक्सला जे साधायचे होते त्यातले पुष्कळसे जुन्या एटीएक्स पेटीतच साधले गेले.

सुरुवातीला हे मनोरे हौशी लोकांची चैन होते. तैवानच्या कूलर मास्टरने २००९ च्या सुमारास हायपर २१२ प्लस आणला तेव्हा चित्र पालटले. चार हीटपाइप, १२० मिलिमीटरचा एक पंखा, आणि किंमत सुमारे ३० डॉलर. स्वस्ताईसाठी नळ्यांचे तळ तासून सपाट केले होते आणि त्याच थेट प्रोसेसरला टेकत. पुढची अनेक वर्षे ‘स्वस्त आणि पुरेसा’ याचा अर्थ हायपर २१२ असाच होता. २०२२ साली थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन १२० एसईने जवळपास त्याच किमतीत दोन मनोरे, सहा नळ्या आणि दोन पंखे दिले. १९६७ साली अंतराळात गेलेली वस्तू आज एखाद्या पाठ्यपुस्तकांच्या संचाच्या भावात मिळते, याचे मला अजून नवल वाटते.

आता निवडीकडे. पहिला प्रश्न वॅटचा. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असते, पण प्रेस्कॉटनंतरच्या जगात हा आकडा जपून वाचायला हवा. रायझन ५ ५६०० वर ६५ लिहिलेले असते आणि तो नेहमीच्या मर्यादेत ७६ वॅटपर्यंत जातो. कोअर आय५-१२४०० वरही मूळ आकडा ६५ च, पण जोर लावताना तो ११७ पर्यंत चढतो. आय९-१३९००के चा आकडा १२५ आणि मर्यादा २५३. तेव्हा वरची मर्यादा शोधा, तिच्यावरून कूलर ठरवा. शंभर वॅटच्या आसपास असाल तर चार नळ्यांचा एक मनोरा आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा पुरतो. त्याच्या बऱ्याच वर जात असाल तर दोन मनोऱ्यांचा विचार करा. प्रोसेसरसोबत फुकट आलेला कूलर साध्या कामाला चालतो, फक्त तो ओरडतो. आणि सगळ्याच प्रोसेसरसोबत तो येतही नाही. इंटेलने २०१५ पासून आपल्या ‘के’ प्रकारच्या चिपसोबत कूलर देणे थांबवले.

दुसरा प्रश्न उंचीचा. मनोरे साधारण १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात. तुमच्या कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती आधी पाहा. काचेचे दार लागत नाही म्हणून ते महिनाभर उघडे ठेवून बसलेले लोक मी पाहिले आहेत. रॅमच्या कांड्यांवर उंच शोभेचे पत्रे असतील तर पंखा त्यांवर आदळतो, तेही मोजा.

तिसरा सॉकेटचा, आणि इथे सरळ सनावळीच मांडावी लागते. इंटेलच्या मदरबोर्डवरील कूलरच्या भोकांमधले अंतर २००४ च्या एलजीए ७७५ ला ७२ मिलिमीटर होते. २००९ पासून पुढे बारा वर्षे ते ७५ राहिले. २०२१ च्या एलजीए १७०० ला ७८ झाले, आणि २०२४ च्या एलजीए १८५१ ने तेच कायम ठेवले. म्हणून मित्राचा जुना उत्तम कूलर नव्या मदरबोर्डला बसेलच असे नाही, जोडणीचा नवा संच लागतो. एएमडीकडे २०२२ च्या एएम५ ने एएम४ चीच भोके ठेवली, पण मदरबोर्डमागची धातूची पट्टी काढता येत नाही. जे कूलर स्वतःची पट्टी आणतात ते तिथे अडतात.

आणि चौथा, जो परदेशी परीक्षणांत सापडणार नाही: तुमची खोली. कूलरची खरी कामगिरी म्हणजे खोलीच्या तापमानापेक्षा प्रोसेसर किती अंश वर राहतो ती. २१ अंशांच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत ७० अंश दाखवणारा कूलर नागपूरच्या मे महिन्यात ४१ अंशांच्या खोलीत ९० च्या घरात जाईल. कूलर तोच, चिप तीच. विदर्भ-खानदेशातल्यांनी म्हणूनच गरजेपेक्षा एक पायरी वरचा कूलर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवताना माहितीपत्रक हाताशी ठेवा. जुना कूलर काढायचा असेल तर आधी संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट कोमट होऊ द्या. मग वीज बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर सरळ न ओढता हलके डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. एएम४ मध्ये वाळलेली पेस्ट प्रोसेसरला कूलरसकट सॉकेटबाहेर खेचून आणते आणि त्याच्या तळाच्या केसासारख्या पिना वाकतात. एएम५ मध्ये पिना सॉकेटकडे गेल्या आणि वर पोलादी चौकट आली, त्यामुळे ही विशिष्ट विपत्ती टळली. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा.

नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची चकती चिकटवलेली असते. ती काढा. हे वाक्य माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असते, त्याचे कारण तुमच्या लक्षात आलेच असेल. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, मधोमध. नळ्या थेट टेकणाऱ्या तळाला मधल्या फटी असतात, तिथे एका ठिपक्याऐवजी नळ्यांवरून दोन-तीन बारीक रेघा ओढणे बरे. बोटाने पसरवू नका, दाब ते काम करील. मनोरा मात्र एकदाच, सरळ खाली टेकवा. पुनःपुन्हा उचलला तर पेस्टमध्ये हवेचे बुडबुडे राहतात.

स्क्रू एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नका. दोन-तीन वेढे इकडे, दोन-तीन समोरच्या कोपऱ्यात, असे आलटून पालटून आवळा आणि स्क्रू अडला की थांबा. ॲथलॉनचे तुटलेले कोपरे याच असमान दाबाचे बळी होते. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला २००४ पासून स्क्रूऐवजी प्लास्टिकच्या चार खुंट्या आहेत. त्यांवरचा बाण खुंटी सोडवण्याची दिशा दाखवतो, बसवण्याची नव्हे. वीस वर्षे लोक या बाणाने फसत आले आहेत. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत जोडीने दाबा, चारही ‘टक’ वाजल्या पाहिजेत. मग मदरबोर्डच्या मागून पाहून खात्री करा.

पंख्याची दिशा तपासा. ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या काड्या आणि नाममुद्रा असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ती बाजू मनोऱ्याकडे असू द्या, म्हणजे हवा मनोऱ्यातून कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जाईल. चार तारांची जोडणी ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागी लावा. यातली चौथी तारही प्रेस्कॉटच्याच काळातली. तीतून सेकंदाला सुमारे २५,००० स्पंद जातात आणि गरजेप्रमाणे पंख्याची गती ठरते. एवढी वारंवारिता मानवी कानाच्या पलीकडची आहे, म्हणूनच ती निवडली गेली. ही जोडणी विसरलात तर संगणक सुरू होताच बहुतेक मदरबोर्ड पंख्याची त्रुटी दाखवून अडून बसतात. २००१ च्या त्या धुराच्या तुलनेत हा फारच सभ्य निषेध म्हणायचा.

सुरू झाल्यावर तापमान दाखवणारे कोणतेही मोफत साधन उघडा आणि वीस मिनिटे जड काम द्या. पूर्ण भाराखाली ८५ च्या आत राहिला तर चिंता नाही. रायझन ५ ७६००एक्स सारख्या नव्या चिप ९५ पर्यंत जाण्यासाठीच घडवलेल्या आहेत, तिथे आकड्यापेक्षा गती टिकते का ते पाहा. काही सेकंदांतच तापमान कमाल मर्यादेला भिडले तर कूलर नीट टेकलेला नाही किंवा ती पारदर्शक चकती अजून तिथेच आहे. आपल्याकडच्या धुळीत दर तीन-चार महिन्यांनी पात्यांवरून मऊ ब्रश फिरवावा, आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा.

कोणता कूलर घ्यावा हे खाली विचारणार असाल तर प्रोसेसर, सॉकेट, कॅबिनेटचे मॉडेल आणि तुमचे गाव, एवढे मात्र लिहा.